काळा दात, दातासारखं सिमेंट आणि मधला दीड मिलीमीटर

प्रश्न असा आला आहे. शाळेत असताना बॉल लागून समोरचा एक दात दुखावला, काही वर्षांत तो करडा-काळपट झाला, मग त्याची रूट कॅनॉल झाली. आता डॉक्टर म्हणतात, दाताच्या रंगाचं सिमेंट लावून देतो, काळं दिसणार नाही. पण याच पेशंटच्या एका दाढेतली जुनी चांदी (धातूंच्या मिश्रणाचं फिलिंग) काढून पांढरं फिलिंग केलेलं आहे आणि त्या दाढेत करडी झाक अजूनही दिसते. मग समोरचा दात झाकला जाईल यावर विश्वास कसा ठेवायचा? झाकलं जातं म्हणजे नेमकं होतं काय? आणि पांढऱ्याच्या खाली कीड तर दडवली जात नाही ना?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

कीड ओळखायची ती कडकपणावरून, रंगावरून नाही. वेगाने वाढणारी कीड बहुतेक वेळा काळी नसतेच. ती फिकट पिवळी, ओलसर असते आणि एक्स्कॅव्हेटरने (कोरायच्या छोट्या हत्याराने) खरवडली की तिचे पापुद्रे निघतात. उलट बरीच वर्षं थांबून राहिलेली कीड काळीकुट्ट, पण टणक आणि चकचकीत असते. तिच्यावरून प्रोब (टोकदार हत्यार) फिरवला की खरखर आवाज येतो, टोक रुतत नाही. पूर्वी डाग निघेपर्यंत कोरत राहायची सवय होती आणि त्यात कित्येक दातांच्या नसा विनाकारण उघड्या पडल्या. आता कडांना सगळीकडे स्वच्छ, कडक दात लागेपर्यंत कीड काढतात. नसेच्या अगदी जवळ मात्र थोडं चामट, डाग पडलेलं डेंटिन (इनॅमलच्या आतला दाताचा थर) मुद्दाम राहू देतात आणि वरून घट्ट बंद करतात. बाहेरून मिळणारं अन्न तुटलं की तिथले उरलेसुरले जंतू निष्क्रिय होतात. नस उघडी पडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

म्हणजे पांढऱ्या फिलिंगखाली काळं आहे याचा अर्थ कीड आहे असा होत नाही, आणि काळं दिसत नाही याचा अर्थ कीड नाही असाही होत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: "आत जे काळं राहिलंय ते कडक आहे का?" हा प्रश्न आवडत नसेल अशा डॉक्टरकडून काळा दात झाकून घेऊ नका. बऱ्याच कंपोझिटमध्ये, म्हणजे या दाताच्या रंगाच्या सिमेंटमध्ये, बेरियमची काच असते, त्यामुळे एक्स-रेत फिलिंग पांढरं दिसतं आणि खाली कीड वाढली तर सावलीसारखी कळते. दडवलेली कीड कायम दडून राहत नाही, तपासायची सोय असते.

आता झाकण्याकडे वळू. बहुतेकांच्या मनात असं असतं की सिमेंट पांढरं आहे, ते काळ्यावर लावलं, काळं गेलं. तसं असतं तर कुठलंही फिलिंग कुठलाही डाग झाकू शकलं असतं. दातासारखं दिसणारं कंपोझिट मुळात अर्धपारदर्शक असतं आणि ते तसंच असावं लागतं, कारण खरा दातच अर्धपारदर्शक आहे. वरचं इनॅमल जवळजवळ रंगहीन असतं. दाताचा पिवळसरपणा येतो तो आतल्या डेंटिनमधून. पटाशीच्या दाताची कड उजेडात धरून बघा, तिथे डेंटिन नाही म्हणून ती निळसर-करडी, काचेसारखी दिसते. हिरडीजवळ इनॅमल अगदी पातळ होत जातं म्हणून तिथे दात सगळ्यात पिवळा. एकाच दातावर असा रंग बदलत असतो. त्याच्यावर सपाट, अपारदर्शक पांढरा थर दिला तर डाग जाईल, पण समोरच्याला तो दात कृत्रिम आहे हे चार फुटांवरून कळेल.

कंपोझिट अर्धपारदर्शक कशामुळे होतं आणि अपारदर्शक कशामुळे, हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. बाथरूमच्या खिडकीची घासलेली काच आठवा. कोरडी असताना पलीकडचं दिसत नाही. खरखरीत बाजूवर पाणी उडालं की त्या जागी आरपार दिसायला लागतं. काच तीच, फक्त खाचांमधली हवा गेली आणि पाणी आलं. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना किती वळतो हे त्या दोघांच्या अपवर्तनांकातल्या फरकावर ठरतं. हवेचा १, पाण्याचा १.३३, काचेचा दीडच्या आसपास. फरक मोठा असेल तर प्रकाश विखुरतो आणि पदार्थ पांढरा, अपारदर्शक दिसतो. फरक कमी केला की प्रकाश सरळ जातो.

कंपोझिट म्हणजे रेझिन आणि त्यात काचेची किंवा सिलिकाची बारीक भुकटी. हे रेझिन, बिस-जीएमए, अमेरिकेत राफाएल बोवेन यांनी विकसित केलं आणि १९६२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजही बऱ्याच कंपोझिटचा पाया तेच आहे. बिस-जीएमएचा अपवर्तनांक सुमारे १.५५, बेरियमच्या काचेचा त्याच्या जवळपास. उत्पादक हे दोन आकडे मुद्दाम जवळ आणतात, म्हणून कंपोझिटमधून प्रकाश आत जातो, थोडा विखुरतो, खालच्या दातावर आपटून परत येतो. खालचा दात पिवळसर असला तर कंपोझिट पिवळसर दिसतं. शेजारच्या दाताचा रंग उचलून त्यात मिसळून जाण्याचा हा गुण आम्हा डेंटिस्टना फार प्रिय आहे. पण खाली काळं असलं की हाच गुण अंगाशी येतो. कंपोझिट काळाही तितक्याच इमानदारीने उचलतं. प्रकाश काळ्यापर्यंत पोचतो, तिथे शोषला जातो, परत येत नाही, आणि वरचं ए-२ शेडचं (रंगछटेचं) महागडं कंपोझिट मातकट दिसतं.

काळं लपवायचं तर प्रकाश काळ्यापर्यंत पोचण्याआधीच परतवला पाहिजे. त्यासाठी ओपेक म्हणजे अपारदर्शक शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसारखी पांढरी पूड घातलेली असते. तिचा अपवर्तनांक अडीचच्या वर, रेझिनचा दीड. फरक इतका मोठा की अगदी नगण्य प्रमाणातही ती प्रकाश जबरदस्त विखुरते. पिवळी, लाल, काळी छटा देण्यासाठी आयर्न ऑक्साइड वापरतात, तेही चिमूटभरच. झाकण्याचं मुख्य काम रंगापेक्षा विखुरणं करतं.

नव्याने प्रॅक्टिसला लागलेल्या डॉक्टरांना मी एक साधी गोष्ट करून दाखवते. दोन काचपट्ट्यांमध्ये इनॅमल शेडचं कंपोझिट एक मिलीमीटर जाडीला दाबायचं, निळ्या लाइटने घट्ट म्हणजे क्युअर करायचं आणि ती चकती वर्तमानपत्राच्या ठळक मथळ्यावर ठेवायची. अक्षरं वाचता येतात. तेवढ्याच जाडीची डेंटिन शेडची चकती ठेवली की अक्षरं धूसर होतात, पण आहेत हे कळतं. ओपेकरचा (ओपेक शेडच्या सिमेंटचा) अगदी पातळ थर दिलेली चकती ठेवली की अक्षरं गेली. पण चकती इतकी पांढरीफटक आणि निर्जीव दिसते की ती कुणी स्वतःच्या दातावर लावून घेणार नाही. मग तिन्हींचे पातळ थर एकावर एक रचायचे: खाली ओपेकर, मध्ये डेंटिन, वर इनॅमल. आता अक्षरंही दिसत नाहीत आणि वरून ती दातासारखी दिसते. पण बाजूने मोजली तर ही रचना दीड मिलीमीटरच्या पुढे गेलेली असते.

सगळा व्यवहार या दीड मिलीमीटरचा आहे. काळा दात झाकता येईल का, हा प्रश्न खरं म्हणजे "तिथे जागा किती आहे" असा असतो. दाढेत खोल पोकळी असेल तर जागा भरपूर. समोरच्या दाताच्या दर्शनी बाजूला तेवढी जागा आयती नसते. दात घासून ती करायची म्हटलं तर इनॅमल जातं. ते गेलं की दोन नुकसानं एकदम होतात. चिकटण्यासाठी सगळ्यात भरवशाचा पृष्ठभाग गेला, आणि खालचं डेंटिन उघडं पडलं, जे इनॅमलपेक्षा जास्त काळं आहे. म्हणजे जितकं घासाल तितकं लपवायचं वाढत जातं. हिरडीजवळ तर हे आणखी अवघड, कारण तिथे इनॅमल मुळातच पातळ आहे आणि मुळाचा काळेपणा हिरडीतूनही डोकावतो. त्या कडेला करडी रेघ शिल्लक राहणं हे मी कितीतरी चांगल्या डॉक्टरांच्या कामात पाहिलंय. ओठ वर उचलल्याशिवाय ती दिसत नसेल तर तिच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दाढेचं कोडं इथेच सुटतं. जुन्या चांदीतले कथिलासारखे धातू वर्षानुवर्षं गंजत राहतात आणि डेंटिनच्या सूक्ष्म नलिकांमध्ये शिरतात. चांदी काढली तरी दाताची भिंत करडी राहते. ही झाक फिलिंगमधून येते असं वाटतं, पण बहुतेक वेळा ती येते चांदी भरण्यासाठी पोखरून पातळ झालेल्या बाजूच्या भिंतीतून. डेंटिनचा आधार गेलेलं इनॅमल अर्धपारदर्शक, त्याच्या आतल्या अंगाला करडं, आणि आपण ते बाहेरून बघतो. मधली पोकळी कितीही पांढऱ्या कंपोझिटने भरली तरी भिंतीच्या आतल्या बाजूला ओपेकरचा हात दिलेला नसेल तर करडेपणा राहणारच. त्यात हल्ली दाढेत बल्क-फिल कंपोझिट वापरतात. चार मिलीमीटर खोलीपर्यंत एकदम क्युअर व्हावं म्हणून ते जाणूनबुजून जास्त पारदर्शक केलेलं असतं. काम जलद आणि पक्कं होतं, पण झाकण्यात ते कमकुवत. तुमच्या दाढेत यातलंच काहीतरी झालं असावं. दुखत नसेल, एक्स-रेत काही नसेल, कडा घट्ट असतील तर केवळ झाक जावी म्हणून ते फिलिंग काढू नका. फिलिंग बदलताना दर वेळी थोडा चांगला दातही जातो, आणि दाढेत तो फार मोलाचा असतो.

ओपेकरबद्दल थोडं अधिक, कारण हात इथे चुकतात. काळ्यावर शुभ्र ओपेकर दिला की काळं जातं, पण निळसर-करडी थंड छटा मागे राहते. वर कितीही चांगलं कंपोझिट लावा, दात आजारी दिसतो. म्हणून गुलाबी किंवा पिवळसर-नारिंगी झाक असलेला ओपेकर वापरायचा. निळसर-करड्याला पिवळसर-नारिंगी छटा मारते, आणि दाताचा उजळपणा फारसा न घटता ऊब येते. हा थर ब्रशने अगदी पातळ, शक्यतो दोन हातांत द्यायचा, आणि काळा भाग जिथे संपतो तिथे एकदम न थांबवता विरळ करत न्यायचा. आपला डोळा रंगापेक्षा सीमारेषा आधी पकडतो. डाग पूर्ण झाकलाय पण ओपेकरची कड तुटक आहे, अशा दातापेक्षा डाग ऐंशी टक्के झाकलाय आणि कड विरून गेलीय असा दात केव्हाही नैसर्गिक दिसतो.

दुसरी मेख क्युअरिंगची. कंपोझिट घट्ट होतं ते निळ्या प्रकाशाने. त्यात कॅम्फरक्विनोन नावाचं पिवळं रसायन असतं, ते ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून रेझिनची साखळी सुरू करतं. आता, जे काळ्याकडे जाणारा प्रकाश अडवतं तेच क्युअरिंगचाही प्रकाश अडवतं. ओपेक शेड जाड लावली आणि नेहमीइतकाच वेळ लाइट मारला तर वरची साय घट्ट होते, तळ कच्चा राहतो. असं फिलिंग पहिल्या दिवशी सुंदर दिसतं. पुढे कडेला तपकिरी रेघ येते, कधी पापुद्रा सुटतो. नेहमीचं कंपोझिट दोन मिलीमीटरच्या थरांत चालतं, ओपेकला त्याच्या निम्म्याहून कमी थर आणि जास्त वेळ द्यावा लागतो. खुर्चीत बसून "किती वेळ तो निळा लाइट" असं वाटत असेल तर वाटू द्या, डॉक्टर घाई करत नाहीयेत हे चांगलं लक्षण आहे.

हल्ली जाहिरातींत एकाच शेडमध्ये सगळ्या दातांशी जुळणाऱ्या कंपोझिटचा बोलबाला आहे. जपानच्या तोकुयामा कंपनीचं ऑम्निक्रोमा २०१९ च्या सुमारास बाजारात आलं. त्यात रंगद्रव्याऐवजी २६० नॅनोमीटरचे एकसारखे गोल कण आहेत, आणि त्या आकारामुळेच पिवळ्या-तांबड्या पट्ट्यातला प्रकाश उठून येतो. शेजारच्या दाताचा रंग ते फार सुरेख उचलतं, मलाही आवडतं. पण लक्षात घ्या, त्याच कंपनीने त्याच्या जोडीला ब्लॉकर नावाचं वेगळं ओपेक कंपोझिट दिलेलं आहे. खाली काळं असेल किंवा दात पुढून मागे आरपार तुटलेला असेल आणि मागे तोंडातला अंधारच असेल, तर आधी ब्लॉकर द्यायचा. उचलायला शेजारी चांगला रंग असावा लागतो, ही अट कुठलंही कंपोझिट टाळू शकत नाही.

आता तुमच्या समोरच्या दाताकडे. मार लागला की नसेतल्या रक्तवाहिन्या फुटतात, रक्त डेंटिनच्या नलिकांमध्ये जातं, हिमोग्लोबिनमधलं लोह मागे राहतं आणि त्याची काळी संयुगं तयार होतात. शिवाय रूट कॅनॉल करताना दाताच्या वरच्या कोपऱ्यांत नसेचे अवशेष राहिले, किंवा गटापर्चा आणि सीलर (मुळाच्या पोकळीत भरायचे पदार्थ) हिरडीच्या पातळीच्या वर राहिले, तर तेही आतून काळं करत राहतात. समोरच्या दातात हे भरण हिरडीच्या पातळीच्या सुमारे दोन मिलीमीटर खाली कापून वरची पोकळी लख्ख साफ करायची असते. म्हणून पहिली पायरी म्हणजे मागच्या बाजूने दात उघडून आत बघणं. कधी कधी एवढ्यानेच दात एक छटा उजळतो.

(ज्यांचा दात मार लागल्यावर काळा न होता फक्त गडद पिवळा झालाय आणि रूट कॅनॉल अजून झालेली नाही, त्यांनी घाई करू नये. बऱ्याचदा तिथे नस मेलेली नसते. ती आतून डेंटिन भरत गेलेली असते म्हणून दात पिवळा. एक्स-रे आणि तपासणीत काही वावगं नसेल तर रंगासाठी म्हणून रूट कॅनॉल करायचं कारण नाही.)

दुसरी पायरी आतून ब्लीच करणं, आणि माझ्या मते तुमच्या दातासाठी हीच खरी किल्ली आहे. सोडियम परबोरेट पाण्यात कालवून दाताच्या पोकळीत भरायचं, वर तात्पुरतं सिमेंट लावायचं आणि पेशंटला घरी पाठवायचं. काही दिवसांनी बदलायचं, असं दोन-चार वेळा. ही पद्धत १९६१ पासून साहित्यात आहे. आत हळूहळू ऑक्सिजन सुटतो आणि रंगीत रेणूंचे तुकडे होतात. त्याआधी रूट कॅनॉलच्या भरणावर ग्लास आयोनोमर नावाच्या सिमेंटचा सुमारे दोन मिलीमीटरचा बंद थर हवाच. तो नसेल तर रसायन मुळाच्या बाजूने झिरपू शकतं आणि हिरडीजवळ मूळ बाहेरून झिजण्याचा धोका वाढतो. लहान वयात मार लागलेल्या दातांत हा धोका जास्त, म्हणून तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड आणि वरून उष्णता असला जलद प्रकार अशा दातात करू देऊ नका. धातूचे डाग मात्र ब्लीचला फारसे दाद देत नाहीत. रक्तामुळे झालेला काळेपणा बऱ्यापैकी देतो.

यातून दात शेजाऱ्याइतका उजळला तर फक्त मागचं भोक बंद केलं की काम झालं. अर्धवट उजळला तरी खूप मिळवलं, कारण आता तितका ओपेकर लागणार नाही, तितकी जागा लागणार नाही, तितकं इनॅमल घासावं लागणार नाही. काळ्यावर झाकण घालण्यापेक्षा काळं कमी करून त्याच्यावर पातळ, जिवंत दिसणारा थर देणं केव्हाही चांगलं. ब्लीच संपल्यावर मात्र कंपोझिटसाठी दोन आठवडे थांबायचं. दातात अडकलेला ऑक्सिजन रेझिन घट्ट होऊ देत नाही आणि चिकटणं कमजोर होतं. याच आठवड्यात लग्न आहे म्हणून लगेच उरकून द्या, असं सांगणारे पेशंट मला दर हंगामात भेटतात. त्यांना मी तात्पुरतं बंद करून देते, कायमचं नाही.

काळेपणा कुठून आलाय त्यावर उपाय बदलतो, म्हणून दोन गोष्टी थोडक्यात सांगून ठेवते. मशेरी, तंबाखू, सुपारी, चहा यांचे डाग दाताच्या वर असतात. ते स्केलिंग-पॉलिशिंगने निघतात, त्यांच्यावर सिमेंट लावायचं नसतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथल्या मुलांच्या दातांवरचे पांढरे-तपकिरी डाग इनॅमल बनतानाच त्यात बसलेले असतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५. फ्लोराइडच्या डागांतले पांढरे डाग घालवायची रेझिन इन्फिल्ट्रेशन ही पद्धत मला विशेष आवडते, कारण ती झाकतच नाही. तो पांढरेपणा म्हणजे इनॅमलमधली सूक्ष्म छिद्रं. इनॅमलचा अपवर्तनांक १.६२, छिद्रातल्या हवेचा १, म्हणून प्रकाश विखुरतो आणि डाग पांढरा दिसतो. पाण्यासारखं पातळ रेझिन छिद्रांत मुरवलं की त्याचा अपवर्तनांक इनॅमलच्या जवळ असल्याने डाग मिटत जातो. काळ्या डागाला विखुरणं वाढवावं लागतं, पांढऱ्याला कमी करावं लागतं. एकच भौतिकशास्त्र, उलटसुलट वापरलेलं.

शेड निवडण्याबद्दल पेशंटने काय बघावं? शेड घेताना दात ओला असला पाहिजे. कापूस लावून, तोंड उघडं ठेवून दहा-पंधरा मिनिटं गेली की इनॅमलमधलं पाणी उडतं आणि दात आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. त्या पांढऱ्याशी जुळवलेलं फिलिंग दुसऱ्या दिवशी भपकेबाज दिसतं. म्हणून शेड सगळ्यात आधी घ्यायची, खुर्चीवरचा पिवळा दिवा बंद करून, खिडकीजवळच्या उजेडात, लिपस्टिक पुसून. नुसत्या शेड गाइडवर (रंगछटांच्या नमुन्यांच्या पट्टीवर) विसंबू नये. ए-३ हे नाव सगळ्या कंपन्यांत एक असलं तरी कंपोझिट एक नसतं, आणि क्युअर झाल्यावर त्याची झाक बदलते. मी दातावर चिकटवण न लावता कंपोझिटचा छोटा ठिपका ठेवते, क्युअर करते, ओला करते आणि पेशंटच्या हातात आरसा देऊन दोघी मिळून खिडकीत बघतो. आवडलं नाही तर नखाने निघतं. काळ्या दातासाठी तर हा ठिपका काळ्या भागावरच ठेवायचा, म्हणजे खालचा काळेपणा किती वर येतोय ते तिथेच कळतं.

आणि मर्यादा. दात फार काळा असेल, ब्लीचने हलत नसेल, किंवा आधीच अर्धा फिलिंगचाच असेल तर कंपोझिटचा हट्ट धरू नये. कॅप किंवा सिरॅमिक व्हिनियरचा (दर्शनी बाजूला चिकटवायच्या पातळ कवचाचा) विचार करावा. तिथेही काळ्याचा प्रश्न संपत नाही. पारदर्शक सिरॅमिकमधूनही काळं येतं, आणि आतून झिरकोनियाचा अपारदर्शक थर घ्यायचा तर जागा लागते, म्हणजे पुन्हा दात घासणं आलं. रूट कॅनॉल झालेला, पण बराचसा शाबूत असलेला समोरचा दात असेल तर मी आधी ब्लीच आणि कंपोझिटच सुचवते. ते पुढे काढता येतं, दुरुस्त करता येतं; घासलेलं इनॅमल परत येत नाही.

कंपोझिट कायम पहिल्या दिवसासारखं राहत नाही, हेही मनात असू द्या. रेझिन थोडं पाणी शोषतं, त्याबरोबर चहा आणि हळद. आपल्या जेवणात हळद रोज आहे, तेव्हा पॉलिश गुळगुळीत असणं आपल्याकडे जास्तच महत्त्वाचं. पहिले एक-दोन दिवस चहा-कॉफी, हळदीचे पातळ पदार्थ आणि तंबाखू टाळलेले बरे. वर्षा-दोन वर्षांनी पॉलिश करून घेतलं की बहुतेक मळकटपणा जातो. कडेला तपकिरी रेघ दिसली तर लगेच कीड समजून घाबरू नका. बऱ्याचदा ती नुसती डागाची रेघ असते आणि पॉलिशने निघते.

एक गोष्ट मात्र काम झाल्या दिवशीच कळणार नाही. त्या दिवशी शेजारचे दात कोरडे पडून पांढरे झालेले असतात, त्यामुळे नवं फिलिंग त्यांच्यापुढे गडद दिसतं आणि पेशंट घरी जाऊन फोन करतात. पाणी परत मुरायला दिवसभर तरी लागतो. आठवडाभर थांबा, मग सकाळच्या उजेडात, दात ओले करून, ओठ नेहमीसारखे ठेवून बघा आणि घरातल्या माणसाला हातभर अंतरावरून बघायला सांगा. तेव्हाही करडेपणा जाणवला तर सगळं फिलिंग काढायची गरज नसते: वरचा अर्धा मिलीमीटर उतरवून, जिथे झाक येतेय नेमक्या तिथे ओपेकरचा पातळ हात देऊन पुन्हा इनॅमल शेड चढवता येते. डॉक्टरांकडे जाताना त्या उजेडात काढलेला फोटो घेऊन जा.